मेळकऱ्याचा कान

निमथरची खिंड चढून आलं की उजव्या अंगाला काळा कातळ लागतो. त्याच्या पोटातून मनगटाएवढी धार पडते आणि खालच्या दगडी डोणीत साठते. पाणी प्या, पोटभर प्या, इथं कुणी अडवत नाही. पण निघताना एक करायचं. डोणीच्या पलीकडं, कातळाला टेकून, ही दगडांची रास दिसते ना, हिला मेळकऱ्याचा कान म्हणतात. वाटेवरचा एक दगड उचलायचा, राशीशी वाकायचं, आणि तुमच्याखेरीज जगात कुणाला ठाऊक नाही असं काहीतरी त्या फटीत हळूच सांगायचं. मग दगड वर ठेवायचा आणि मागं न बघता चालू लागायचं. लहानशी गोष्टही चालते. कुठल्या झाडाच्या ढोलीत पोपटाचं घरटं पाहिलंत, सासूचं कुठलं बोलणं पोटात धरून ठेवलंत, काहीही. पण ती तुमची एकट्याची पाहिजे. सगळ्यांना ठाऊक असलेलं सांगितलं तर दगड घरंगळून पायावर येतो, असं सांगतात.

हा देव नव्हे. इथं शेंदूर लावायचा नाही, नारळ फोडायचा नाही, हात तर मुळीच जोडायचे नाहीत. खाली एक माणूस आहे म्हणे, आणि हे सगळं त्याला छळायला चाललंय.

तर फार मागं या निमथरात नाथबा नावाचा पाथरवट राहत होता. त्याची बायको सावित्रा, आणि नवसासायासानं जगलेली एकच लेक, केरा. आधीची लेकरं राहिली नाहीत, म्हणून हिला दृष्ट लागू नये असं केरकचऱ्याचं नाव ठेवलेलं. आणि गावात एक मेळकरी होता, म्हणजे गावाची एकी, तिला मेळ म्हणायचे, ती राखणारा. त्याचंही नाव असेलच काहीतरी. ते आज कुणाला आठवत नाही. आठवू दिलं नाही.

मेळाची सुरुवात चांगल्यातूनच झाली म्हणे. आधी या गावात बांधावरून डोकी फुटायची, भाऊ भावाच्या गंजीला काडी लावायचा. मग कुणा शहाण्यानं बांध मोडून टाकले, सगळ्यांची शेतं एक केली, सगळ्यांची चूल एक केली. भांडण मिटलं. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण पुढं त्या एकीला गोडी लागली आणि ती वाढतच गेली. ढोल वाजला की उठायचं, ढोल वाजला की पेरायचं, ढोल वाजला की घास उचलायचा. घरांच्या भिंती एका उंचीच्या, दारांना आतून कडी नाही. लुगडी-धोतरं सगळी मातकट. दळताना बायकांनी म्हणायची ओवीसुद्धा एकच, मेळानं नेमून दिलेली.

आणि दिवस मावळायच्या आधी सारं गाव तळ्यावर जमायचं. मेळकरी विचारायचा, "आज कुणाला काय नवं कळलं?" सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "समद्यांस्नी ठावं, तेच आमास्नी ठावं." ते म्हटलं की घरी जायला मोकळे. कुणाला खरंच काही नवं कळलंच, तर ते तिथं सांगायचं. साऱ्या गावाला ते शिकता आलं तर ते गावाचं झालं. नाही शिकता आलं, तर ज्याला कळलं त्यानंही ते विसरायचं. जे सगळ्यांना ठाऊक नाही ते कुणालाच ठाऊक नको, हा मेळाचा कायदा.

केराचा बाप या कायद्यात बसत नव्हता. बंडखोर वगैरे नव्हता हो, साधा माणूस. पण त्याला दगडाचा कान होता. हातोडीची मागची बाजू दगडावर मारायचा, आवाज ऐकायचा आणि सांगायचा, हा फुटेल, हा टिकेल, याच्या पोटात चीर आहे. केरा त्याच्या मागं मागं फिरायची. तो ठोकायचा आणि भुवई उडवून तिला विचारायचा. ती डोळे मिटून सांगायची, "पोकळ." किंवा, "न्हाई बा, ह्यो भरीव." बरोबर आलं की तो तिच्या टाळूवर टिचकी मारायचा. एवढंच बक्षीस. पण त्या टिचकीसाठी पोर दिवसभर उन्हात दगडांना कान लावत बसायची.

एके दिवशी खिंडीतल्या या काळ्या कातळाला नाथबानं कान लावला, आणि तो जागीच बसला. आत पाणी होतं. दगडाच्या पोटातून वाहणारं, जिवंत. त्यानं केराला बोलावलं, तिचा कान धरून कातळाला टेकवला. केरानं ऐकलं. आयुष्यात दुसरं काहीही विसरली असती, तो आवाज विसरली नसती.

इथं नाथबा चुकला. निमथरचा माणूसच करील अशी चूक. दुसऱ्या कुठल्या गावचा असता तर गप्प राहून रात्री-बेरात्री छिन्नी चालवली असती. पण हा मेळात वाढलेला. संध्याकाळी तळ्यावर मेळकऱ्यानं विचारलं तेव्हा हा आनंदानं उभा राहिला आणि म्हणाला, "मला कळलं! खिंडीतल्या कातळात पाणी हाय. तळ्यापरास गोड आन् कधी न आटणारं. परवानगी द्या, मी फोडतो."

दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत मेळकऱ्यानं गाव इथं आणलं. पहिला कान त्यानं स्वतः लावला. बराच वेळ लावला. मग उठला, गुडघ्याची माती झटकली आणि म्हणाला, "दगड हाय."

मग एकेकाला पुढं बोलावलं. पारूमावशी वाकली, उठली, म्हणाली, "दगड हाय." ढोल वाजवणारा मल्हू वाकला, उठला. "दगड हाय." म्हातारा कोतारी. "दगड हाय." आयाबाया, गडीमाणसं, सगळी वाकली, सगळी उठली. सावित्राची पाळी आली. तिनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

शेवटी केरा. तिनं कान लावला. पाणी वाहत होतं. तिनं मान वर केली तर बाप तिच्याकडं बघत होता आणि डोळ्यांनी सांगत होता, म्हण. ते म्हणतात तसंच म्हण.

"दगड हाय," केरा म्हणाली.

मेळकरी नाथबाकडं वळला. "गावाला ऐकू येत न्हाई ते तुला ऐकू येतं. गावापरास तुझा कान मोठा झाला. गाव तुझ्यावर रागावत न्हाई, नाथबा. गाव तुला परत आपल्यासारखा करून घेतंय."

सामाईक चुलीवर तेल कढवलं. हे कुणा एकानं केलं असं व्हायला नको, म्हणून पळीला साऱ्या गावानं आळीपाळीनं हात लावला. सावित्राचा हात मेळकऱ्यानं स्वतः धरून पळीला लावला. केराचाही लावला. मग ती पळी नाथबाच्या एका कानात रिकामी झाली, आणि परत भरून दुसऱ्या कानात.

नाथबा त्यातून वाचला, पण बहिरा झाला. त्याची हातोडी, छिन्न्या, पहार, सगळं सामाईक कोठीत गेलं. एक छिन्नी तेवढी केरानं घराच्या छपराच्या गवतात खोचून ठेवली होती, ती राहिली. आणि इथून पुढं बापलेकीची खरी शाळा सुरू झाली असं सांगतात. बोलून शिकवावं तर बहिऱ्याचा आवाज चढतो, सगळ्या आळीला ऐकू जातो. म्हणून तो तिच्या तळहातावर बोटांनी ठोकायचा. असा ठोका म्हणजे तांबड्या मातीचा थर, असा ठोका म्हणजे वर पातळ दगड आणि खाली पोकळी, असा ठोका म्हणजे पाणी. दिवसा ती रानात जायची, दगडांना कान लावून यायची आणि जे ऐकलं ते बापाच्या तळहातावर ठोकायची. सारा डोंगर तिनं असा बापाच्या हातावर आणून दिला. तळ्याच्या डोंगराकडच्या काठाशी आली तेव्हा बापानं तिचं बोट घट्ट धरलं आणि मान हलवली. तिथं खाली पोकळ आहे. तिथं घाव नको.

नाथबा गेला तेव्हा शेवटच्या घटकेला तो मोठ्यानं म्हणाला, "केरा, पाणी वाहतंय का गं अजून?" भिंतीपलीकडचं कुणी ऐकेल म्हणून सावित्रानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. केरानं मान डोलावली. हो बा, वाहतंय. त्यानं ते बघितलं की नाही कुणास ठाऊक. हात तोंडावर तसाच असताना तो गेला.

त्याच्या चितेशी केरा बोलली ते सावित्रानं ऐकलं. "बा, ह्या गावाला तहानेनं वाळवीन. आन् ते माझ्या कायद्यानं न्हाई, त्यांच्याच कायद्यानं. माझ्यापुढं एकेकटं येऊन मागतील तवाच पाण्याचा ठाव सांगीन."

त्यानंतर केरासारखी शहाणी मुलगी निमथरात दुसरी नव्हती. ढोलाबरोबर उठायची, ढोलाबरोबर जेवायची, तळ्यावर सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळायची. मेळानं सिदूशी लग्न लावून दिलं, केलं. सिदू गरीब स्वभावाचा, फारसा न बोलणारा. मेळकरी लोकांना तिच्याकडं बोट दाखवून सांगायचा, बघा, नाथबाची पोर कशी मेळात आली. ती पदर सावरून खाली बघायची. राग असा सांभाळावा लागतो. निखाऱ्यावर राख धरतात तसा.

वर्षं गेली. तळं गाळानं भरत आलं आणि पाणी पुरेना. शिमगा झाला की अर्धं तळ उघडं पडायचं. मेळकऱ्यानं ठरवलं, तळं खोल करायचं. कुठून? तर डोंगराकडच्या काठापासून, तिथला दगड पातळ दिसतो, लवकर फुटेल. सारं गाव उघड्या तळात उभं केलं आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "ह्या कामाबद्दल कुणाला काय वेगळं ठावं हाय का?"

केराच्या शेजारी सावित्रा होती. तिनं लेकीचा कोपर धरला.

"समद्यांस्नी ठावं, तेच आमास्नी ठावं," गाव म्हणालं. त्यात केराचा आवाज सगळ्यांत स्वच्छ होता.

परतताना सावित्रा हळूच म्हणाली, "केरा, त्या काठाला तुझा बा कधी पाय टाकत नव्हता."

"ठावं हाय."

"मग बोलली का न्हाईस?"

"कशी बोलू आये? समद्यांस्नी कुठं ठावं हाय?"

त्या दिवसापासून सावित्रा प्रत्येक घागरीतलं थोडं पाणी घरच्या रांजणात साठवू लागली म्हणे.

ढोलाच्या ठेक्यावर घण पडू लागले. खड्डा उरलेल्या पाण्याच्या पातळीखाली गेला, मध्ये दगडाची एक भिंत तेवढी राहिली. एका दुपारी पहार आत घुसली ती परत आलीच नाही. खालून तांबडी माती दिसली, मग काळं भोक दिसलं, मग डोंगरानं ढेकर दिल्यासारखा आवाज झाला. खड्ड्यातली माणसं जिवाच्या आकांतानं वर पळाली. मधली भिंत कोसळली आणि तळ्याचं पाणी भोवरा करत त्या भोकात उतरलं. गाव काठावर उभं राहून बघत होतं. मल्हू भांबावला, त्याला वाटलं काहीतरी केलं पाहिजे, म्हणून तो ढोल वाजवत राहिला. ढोल वाजत होता आणि पाणी जात होतं. शेवटी चिखलात मासे तडफडू लागले तेव्हा त्याचे हात थांबले.

मग आला वैशाख. नदी घाटाच्या तळाशी. तिथून ओळीनं घागरी आणायच्या त्याही ढोलावर, म्हातारा असो की गरोदर बाई, सगळ्यांचं पाऊल एक. निम्मं पाणी वाटेत सांडायचं. गुरं खुंट्यालाच बसू लागली. मेळकरी म्हणायचा, "समद्यांना सारखीच तहान हाय. तहान वाटून घेतली की हलकी हुती." ती काही हलकी झाली नाही.

आणि एका सकाळी पारूमावशीला केराच्या लुगड्याचा काठ ओला दिसला.

गाव ढोलासकट खिंडीत आलं. केरा या कातळापाशी बसली होती. मांडीवर बापाची छिन्नी, आणि शेजारी काठोकाठ भरलेली एक घागर. कातळात बोटाच्या पेराएवढं भोक होतं आणि त्यात लाकडाची खुंटी ठोकलेली. सगळे एका आवाजात म्हणाले, "पाणी दे."

"आवाज कुणाचा हाय ह्यो?" केरा म्हणाली. "मला तर कुणी दिसंना. मेळाला तहान लागत न्हाई. माणसाला लागती. माणसानं यावं, एकट्यानं यावं, आन् समद्यांस्नी ठाऊक न्हाई असं आपलं एकट्याचं काहीतरी मला सांगावं. मग घोटभर पाणी देते. समद्यांचं सांगून झालं की कातळ मोकळा करते."

"फोडा रे कातळ!" मेळकरी ओरडला.

"फोडा की. कुठं फोडायचा ते ठावं हाय न्हवं? तळ्यात ठावं व्हतं तसं?"

घण उचललेले हात खाली आले. ते भोक आणि तो भोवरा अजून प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं होता, म्हणून खुंटीला हात लावायचंही धाडस कुणाला होईना.

मेळकऱ्यानं हुकूम केला, कुणी एकट्यानं खिंडीत जायचं नाही. पण दुपारी पारूमावशी आलीच. कडेवर नातू, त्याच्या ओठांना पापुद्रे. इकडं तिकडं बघून केराच्या कानाशी लागली आणि कुजबुजली, "केरा, मला त्या दिवशी पाणी ऐकू आलं व्हतं गं. तुझ्या बाच्या दिवशी. कुणाला सांगितलं न्हाई."

केराचा हात घागरीवर होता तो तसाच राहिला. पण पोराकडं बघून तिनं पोराला पाजलं. "त्याचं झालं. तुझं दुसरं सांग."

पारूमावशीनं लुगड्याच्या निरीत हात घालून एक चिंधी काढली. लालभडक. कुठल्याशा सालीच्या काढ्यात तिनं चोरून रंगवलेली, लग्न झाल्यापासून पोटाशी बांधून फिरत होती. "कुठली साल ते कुणाला ठावं न्हाई," ती म्हणाली. आणि त्या तहानेतही तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की केरानं तिला घोट नव्हे, लोटाभर पाणी दिलं.

मग माणसं येऊ लागली. एकेकटी, एकमेकांना टाळून. पहिली गोष्ट प्रत्येकाची तीच. मला त्या दिवशी पाणी ऐकू आलं होतं. म्हाताऱ्या कोताऱ्याला ऐकू आलं होतं, मल्हूला ऐकू आलं होतं. तिचा नवरा सिदू, तोसुद्धा मान खाली घालून तेच म्हणाला. प्रत्येकाला वाटत होतं, ऐकू आलेला आपणच एक. केरा दर वेळी आतून आणखी कडू होत गेली. साऱ्या गावाला ऐकू आलं होतं. तरी साऱ्या गावानं पळीला हात लावला होता.

"ही तुमची समद्यांची गोष्ट हाय," ती म्हणायची. "ही मेळाला द्या. तुझी सांग."

मग खरं निघायचं. कोतारी म्हणाला, एक तारा आहे, थंडीत डोंगराच्या कडेवर टेकतो, थोडा वेळ थरथरतो आणि तिथंच मावळतो, मी त्याची वाट बघत वर्ष काढतो. मल्हू म्हणाला, मला मेळाच्या ठेक्याखेरीज दुसरा ठेका येतो, आणि त्यानं तो बोटांनी कातळावर वाजवला. सुभद्रा आत्याची लेकरं तापात गेली होती. मेळाची ओवी म्हणता म्हणता मनात तिची स्वतःची चालायची, ती तिनं पहिल्यांदा तोंडानं म्हटली:

दळण दळिते मी, ओवी म्हनते मेळाची
पोटात म्हनते गं, नावं माझ्या बाळांची

सिदूनं सांगितलं, केरा झोपेत बोटांनी जमिनीवर ठोकते, ते मी रोज जागा राहून बघतो आणि आता मला ते थोडं थोडं कळतं. केरानं त्याच्याकडं नव्यानं बघितलं.

आणि मेळकऱ्याची बायको गिरजा आली. ती म्हणाली, "मी तळ्यावर नुसते व्हट हालवते. लगीन झाल्यापासनं आवाज काढला न्हाई. त्याच्या शेजारी उभी राहून."

उरला मेळकरी.

तो आला तेव्हा भर दुपार होती आणि गाव आधीच खिंडीत जमलेलं होतं. कुणी बोलावलं नव्हतं, ढोल वाजला नव्हता, ज्याचा तो आलेला. मेळकऱ्याचे ओठ फुटले होते.

"आलास?" केरा म्हणाली. आजवर त्याला कुणी एकेरी बोललं नव्हतं.

"पाणी दे पोरी. ह्यांना लांब जाऊ दे, मग सांगतो."

"आत्ताच सांग. आन् मोठ्यानं सांग. माझ्या बाला ऐकू येत न्हाई."

मेळकऱ्यानं गावाकडं बघितलं, कातळाकडं बघितलं. मग आपल्याजवळची सगळ्यांत जड वस्तू खाली ठेवावी तसा बोलला. "त्या दिवशी मी कान लावला तवा मला पाणी ऐकू आलं व्हतं. खळखळा ऐकू आलं व्हतं. दोन पाणवठे झाले असते तर दोन गावं झाली असती, म्हणून दगड म्हनलो. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. बायकोला सुदिक न्हाई. ही माझी एकट्याची गोष्ट."

केरा हसली. बाप बहिरा झाल्यापासून तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. ती गावाकडं वळली. "पारूमावशी, तुला काय ऐकू आलं व्हतं?"

"पाणी."

"मल्हूदादा?"

"पाणी."

"कोतारीबाबा? सुभद्रा आत्या?"

"पाणी... पाणी..." एका आवाजात नाही हं. मागं-पुढं, कुणी हळू, कुणी रडत, कुणी दात खाऊन.

"ऐकलंस? हे समद्यांस्नी ठावं हाय, मेळकरी," केरा म्हणाली. "तुझं एकट्याचं काय?"

मेळकरी म्हणाला, मला ढोलाचे सगळे ठोके ठाऊक आहेत. मल्हू म्हणाला, ते मला तुझ्याआधी ठाऊक आहेत. मेळकरी म्हणाला, मला मेळाचा कायदा पाठ आहे. कुणीतरी मागून म्हणालं, तो तर आमच्या शेळ्यांनाही पाठ आहे. लोक हसले. मेळकऱ्यानं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. एखादी चव, एखादं स्वप्न, लहानपणी लपवलेला एखादा गोटा. काही नव्हतं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचं पुसलं होतं, त्याआधी स्वतःचं पुसलं होतं. थाप तरी मारावी, तर थाप मारायलाही स्वतःचं डोकं लागतं.

"न्हाई?" केरानं विचारलं. "मग बस. सुचंल तवा सांग. बाकीच्यांचं सांगून झालंय."

तिनं खुंटी उपसली, बापाची छिन्नी नेमक्या जागी ठेवली आणि घाव घातला. कातळ फुटला आणि ही धार बाहेर आली. लोक ओंजळी लावून प्यायले, गुरांना पाजलं, पोरं त्यात लोळली. मेळकरी कातळाला कान लावून बसला होता. आतलं पाणी ऐकत.

गिरजानं लोटा भरून त्याच्याकडं नेला. केरानं तो वाटेतच तिच्या हातातून घेतला आणि मेळकऱ्याच्या हातापासून वीतभर अंतरावर जमिनीवर ओतला.

"पुरे केरा," सावित्रा म्हणाली. "पुरे झालं गं."

"आये, त्यानं तुझा हात धरून पळीला लावला व्हता."

सावित्रा आपल्या हाताकडं बघत राहिली. मग ती वाकली, वाटेवरचा एक दगड उचलला, मेळकऱ्याच्या कानाशी गेली आणि काहीतरी बोलली. काय बोलली ते आजवर कुणाला कळलेलं नाही. दगड तिनं त्याच्या पायाशी ठेवला. तिच्यामागून पारूमावशी आली, मग मल्हू, मग एकेक करून सगळे. प्रत्येकानं आपली एक गोष्ट त्याच्या कानात टाकली आणि एक दगड ठेवला. पळीला साऱ्या गावानं मिळून हात लावला होता. दगड मात्र ज्याचा त्यानं ठेवला, आणि कुणी कुणाच्या आड लपलं नाही.

कुणी म्हणतात, पहिल्याच रात्री तो राशीतून निसटून घाट उतरून गेला. पण इथल्या जुन्या माणसांना ते पटत नाही. जाणार कुठं? दुसऱ्या गावात गेलं की पहिलं विचारतात, तू कोण. त्याचं उत्तर त्याच्याजवळ नव्हतं. तो तिथंच बसला असं सांगतात, एक कान पाण्याला आणि एक कान लोकांना लावून, आणि रास वाढत गेली. त्याच्या डाव्या कानाशी घोटभर अंतरावर पाणी वाहतंय, आणि उजव्या कानात साऱ्या जगाचं वेगवेगळं पडतंय. ते एकसारखं कधीच होणार नाही, म्हणून त्याची सुटकाही नाही. केरानं कधी माफ केलं का, असं येणारे विचारतात. नाही केलं. मरताना तिनं नातवंडांना एवढंच सांगितलं म्हणे, रास रिकामी ठेवू नका.

तर आजही निमथरात दोन घरांच्या भिंती एका उंचीच्या सापडायच्या नाहीत, आणि प्रत्येक दाराला आतून कडी आहे. सासरी निघालेल्या पोरीला पारूमावशीच्या लाल रंगाची चिंधी देतात. मल्हूच्या घरचा ढोल लग्नात वाजतो तो त्याच्या त्या दुसऱ्या ठेक्यावर. आणि नाथबाच्या पाण्यावरची पहिली घागर केराच्या घरी जाते. सावित्रा त्या घरात पणतवंडं बघून, दुधातुपात म्हातारी झाली. केरा आणि सिदूच्या लेकीला आजोबांचा कान मिळाला, तिच्या लेकींनाही मिळाला. अजून त्या घरच्या मुलींना घाटाखालची गावं बैलगाडी पाठवून बोलावतात, विहीर कुठं खणावी ते विचारायला, आणि धान्याची पोती देऊन पोहोचवतात. त्या जमिनीला कान लावतात, डोळे मिटतात आणि मोठ्यानं सांगतात काय ऐकू येतंय ते. कुणाची परवानगी विचारत नाहीत. त्या घरच्या दारातला रांजण नाथबाचं पाणी सुटल्यापासून कधी तळाला गेला नाही, आणि त्या घरात पोर जन्मली की अजूनही आधी तिच्या टाळूवर हळूच एक टिचकी मारतात.